हरण्याची किंमत : एका जपानी पट्ट्याची चौतीस वर्षे

कुस्तीच्या फडावर 'निकाली' या शब्दाला मोठे वजन आहे. बरोबरीत सोडवलेली जोड प्रेक्षकाला रुचत नाही, आणि आधी ठरवून केलेली नुरा कुस्ती तर त्याला सरळ फसवणूक वाटते. मग जिचा निकाल लढत सुरू होण्यापूर्वीच ठरलेला असतो, अशा कुस्तीच्या अजिंक्यपदाला इतिहास कसला, असा प्रश्न मराठी वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. जपानमधील व्यावसायिक कुस्ती, तिकडच्या बोलीत 'पुरोरेसु', ही अशीच ठरवून केलेली कुस्ती आहे. तरीही तिच्या 'आयडब्ल्यूजीपी हेवीवेट' या अजिंक्यपदाने 1987 ते 2021 अशी चौतीस वर्षे लक्षावधी प्रेक्षकांची निष्ठा मिळवली. हा इतिहास खेळाच्या नोंदवहीसारखा वाचला तर हाती नावांची यादी येते. तो नाट्यपरंपरेसारखा वाचला, तर एक सूत्र दिसते. पट्टा कोणी जिंकला यापेक्षा तो कोण, कोणापुढे आणि कशा रीतीने हरला, यावर त्याची किंमत ठरत गेली.

या पट्ट्यामागे एक जुनी सल आहे. युद्धोत्तर जपानला ही कुस्ती दिली ती कोरियात जन्मलेल्या, सुमोतून आलेल्या रिकिदोझानने. 1955 साली त्याने आशियाई अजिंक्यपद मिळवले ते किंगकाँगला हरवून. हा तोच अगडबंब किंगकाँग, ज्याला मुंबईकर दारासिंगचा प्रतिस्पर्धी म्हणून ओळखतात. 1963 साली रिकिदोझान गेला. त्याचे दोन शिष्य, जायंट बाबा आणि आंतोनिओ इनोकी, 1972 मध्ये वेगळे झाले आणि दोघांनी आपापल्या संस्था काढल्या. बाबाच्या 'ऑल जपान'ची अमेरिकेतील एनडब्ल्यूए या महासंघाशी घट्ट सोयरीक होती. तिथला जगज्जेता बाबाच्या रिंगणात येई, आणि 1974 पासून तीन वेळा तो किताब खुद्द बाबाने मिळवला. इनोकीच्या 'न्यू जपान'ला हे दार बंद होते. 1976 साली महंमद अलीशी पंधरा फेऱ्या लढून इनोकीने जगाचे लक्ष वेधले खरे, पण ती लढतही बरोबरीत सुटली. जगज्जेतेपदाची हुलकावणी कायम राहिली.

तेव्हा इनोकीने वेगळाच डाव टाकला. जगभर बोकाळलेले सारे किताब मोडीत काढून एकच खरा विजेता ठरवू, अशी घोषणा त्याने 1980 च्या अखेरीस केली. 'इंटरनॅशनल रेसलिंग ग्रां प्री' हे त्या कल्पनेचे नाव. त्याचीच आद्याक्षरे पुढे पट्ट्यावर आली. स्वतःच्या संस्थेतील जुने किताबही त्याने बाजूला ठेवले. 1983 च्या पहिल्या स्पर्धेत अंतिम फेरीत इनोकी पोहोचला तेव्हा पुढे काय होणार, याची सगळ्यांनाच खात्री होती. माणसाने स्वतःसाठी सिंहासन बांधले होते. आता त्याने फक्त बसायचे होते.

2 जून 1983 रोजी तोक्योच्या कुरामाए सभागृहात हल्क होगनच्या बाहूचा तडाखा बसून इनोकी रिंगणाच्या कडेवरून खाली पडला. त्याला आत आणले तेव्हा तो निपचित होता, जीभ बाहेर आलेली. प्रेक्षागृह सुन्न झाले. यातले किती ठरलेले होते आणि किती नाही, यावर चाहत्यांत आजही वाद रंगतो. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे ते वेगळेच. किताबाचा जनकच पहिल्या फटक्यात हरल्यामुळे, हा किताब कोणाच्या घरचा नाही, असा विश्वास प्रेक्षकाला वाटला. एका पराभवाने जे मिळाले ते दहा विजयांनी मिळाले नसते.

पुढच्याच वर्षी याची उलट बाजू दिसली. 14 जून 1984 रोजी इनोकी आणि होगन पुन्हा समोरासमोर आले. लढत वाढवून वाढवून दिली गेली, आणि शेवटी रिकी चोशूने बाहेरून लुडबुड केल्यामुळे इनोकी जिंकला. प्रेक्षकांनी सभागृहात दंगल केली. निकाल ठरवलेला असतो हे ठाऊक असणारा प्रेक्षक निकालावरून चिडतो, यात विसंगती नाही. नाटक लिहिलेले असते हे माहीत असूनही वाईट शेवटावर आपण चिडतोच. लिखित असणे हा गुन्हा नव्हे. आळशीपणाने लिहिणे हा आहे.

वार्षिक स्पर्धेचे रूपांतर खऱ्या अर्थाने अजिंक्यपदात झाले ते 12 जून 1987 रोजी. मासा साइतोला हरवून इनोकी पहिला विजेता ठरला. दुखापतीमुळे त्याने 1988 च्या मे महिन्यात ते सोडले आणि तात्सुमी फुजिनामी गादीवर आला. त्या ऑगस्टमध्ये इनोकीने फुजिनामीला आव्हान दिले. साठ मिनिटांनंतर कुस्ती बरोबरीत सुटली. गुरूने शिष्याला पाडले नाही, आणि स्वतः पडलाही नाही. 1989 मध्ये वेडर हा अमेरिकन पट्ट्याचा पहिला बिगरजपानी मानकरी झाला, आणि लगेच पुढच्या महिन्यात त्याला हरवले ते सोव्हिएत संघातून आलेल्या सलमान हाशिमिकोव्हने. 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द निदान काही काळ तरी पोकळ राहिला नाही.

पट्ट्याची खरी कसोटी 1995 मध्ये लागली. नोबुहिको ताकादाची यूडब्ल्यूएफआय ही संस्था सांगे की आमचीच कुस्ती खरी, बाकी सारा तमाशा. 9 ऑक्टोबर रोजी तोक्यो डोममध्ये 67,000 प्रेक्षकांसमोर विजेत्या केइजी मुतोने ताकादाला शरण आणले. डाव कोणता निवडला? फिगर फोर, म्हणजे पायांची ती जुनी, पुस्तकी कैची. 'खऱ्या' कुस्तीचा दावेदार सगळ्यांत नाटकी डावात अडकला. त्या एका निवडीत अख्खा वाद मिटवला गेला होता. मग 1996 च्या जानेवारीत ताकादाने पट्टा नेला आणि एप्रिलमध्ये शिन्या हाशिमोतोने तो परत आणला. हाशिमोतोची ती कारकीर्द 489 दिवस चालली. परक्याच्या हाती पट्टा जाऊ देण्याचे धाडस केले, म्हणूनच परत आणणारा मोठा झाला.

यानंतरचा काळ मात्र आत्मविश्वास गमावल्याचा आहे. प्राइड आणि के-वन या स्पर्धांमुळे विनाठरावाच्या झुंजी लोकप्रिय झाल्या, आणि इनोकीचा स्वतःच्याच कलेवरचा विश्वास डळमळला. त्याला वाटले, खऱ्या झुंजीतले बळ आणले की पट्टा खरा होईल. 2001 मध्ये तो काझुयुकी फुजिताकडे गेला. 2004 मध्ये अमेरिकी फुटबॉलमधून के-वनमध्ये आलेल्या बॉब सॅपकडे गेला. सॅप दुसऱ्या आखाड्यात फुजिताकडून हरला आणि त्याने पट्टाच सोडला. इथे तर्काची मोठी गफलत आहे. ठरवलेल्या कुस्तीचा मानकरी न ठरवलेल्या झुंजीत उभा केला, की तो हरल्यावर पट्ट्याची लाज रिंगणाबाहेर जाते, आणि जिंकल्यावर श्रेय त्या दुसऱ्या खेळाला मिळते. दोन्हीकडून तोटाच.

शेवटचा घाव ब्रॉक लेस्नरचा. ऑक्टोबर 2005 मध्ये तो जिंकला आणि 2006 च्या जुलैमध्ये बचावासाठी आलाच नाही. संस्थेने किताब काढून घेतला, पण पट्टा त्याच्याकडेच राहिला. कोणत्याही विजेत्याने या पट्ट्याचे केले नसेल एवढे नुकसान या न हरण्याने केले. सप्पोरोत हिरोशी तानाहाशी जिंकला तेव्हा त्याच्या हाती आधीच्या पिढीचा, कपाटातून काढलेला पट्टा दिला गेला. लेस्नरकडचा पट्टा पुढे इनोकीच्या नव्या संस्थेत कुर्ट अँगलने जिंकला. जनकच आता प्रतिस्पर्धी किताबाच्या बाजूला उभा होता. फेब्रुवारी 2008 मध्ये शिन्सुके नाकामुराने अँगलला हरवून दोन्ही पट्टे एकत्र केले.

तानाहाशीने पुढे जे केले ते शांतपणाचे काम होते. खऱ्या झुंजीशी स्पर्धा त्याने सोडून दिली आणि कुस्ती पुन्हा कुस्तीसारखी केली. 2011 च्या जानेवारीपासून त्याने अकरा वेळा पट्टा राखला, आणि फेब्रुवारी 2012 मध्ये ओसाकात चोवीस वर्षांच्या काझुचिका ओकादापुढे तो चीत झाला. पट्टा सुरू झाला त्याच वर्षी, 1987 मध्ये, ओकादाचा जन्म. परदेशातून नुकत्याच परतलेल्या पोराकडून विजेता हरतो, हे त्या रात्री अनेकांना पटले नाही. पण तानाहाशीने आपले साचलेले मोल मोकळ्या हाताने देऊन टाकले होते. ओकादाने ते वाढवले. 2016 पासून 720 दिवस आणि बारा बचाव, हा विक्रम त्याचा. हा विक्रम लेखणीने ठरवलेला आहे हे खरेच. पण कादंबरीची लांबीही लेखकच ठरवतो. वाचक कंटाळला का, एवढाच प्रश्न उरतो. केनी ओमेगाशी त्याच्या झालेल्या लढती त्याचे उत्तर देतात. 4 जानेवारी 2017 रोजी जवळजवळ सत्तेचाळीस मिनिटे लढून ओकादा जिंकला, जूनमध्ये साठ मिनिटांची बरोबरी झाली, आणि 9 जून 2018 रोजी तीनपैकी दोन निकालांच्या लढतीत तो हरला. दीड वर्ष राखून ठेवलेला पराभव योग्य माणसाला योग्य वेळी मिळाला.

म्हणूनच 2021 चा निर्णय खटकतो. कोता इबुशीकडे हेवीवेट आणि इंटरकॉन्टिनेंटल असे दोन्ही किताब होते. ते विलीन करून 'वर्ल्ड हेवीवेट' हे नवे पद काढले गेले आणि जुनी वंशावळ तिथेच थांबवली. चाहत्यांचा विरोध निव्वळ स्मरणरंजन म्हणून झटकून टाकता येत नाही. इथे जुना पट्टा कोणीही कोणाकडून जिंकला नाही. कार्यालयीन घोषणेने तो मिटला. सगळे किताब मोडून एकच करायचा, ही इनोकीची 1980 ची घोषणा अशा विपरीत रीतीने पुरी झाली. ज्या पट्ट्याने चौतीस वर्षे प्रत्येक मानकऱ्याला नीट हरायला शिकवले, त्याला स्वतःला मात्र रिंगणात हरण्याची संधी मिळाली नाही.