हॅम्लेट वेडा? कुणाच्या सोयीनं?

शिमग्याला गुहागरच्या आमच्या बौद्धवाडीत मुंबईची पोरं आली आणि वाद पेटला. हॅम्लेट खरंच वेडा, की सोंग? दोघांनी समीक्षकांची नावं तोंडावर फेकली. म्हटलं, नावं ऱ्हाऊ द्या, नाटक काढा.

बापाचं भूत भेटल्यावर हा राजपुत्र होरेशिओला आधीच बजावतो की मी विचित्र वागलो तरी तुम्ही काही बोलायचं नाही. पुढं दरबारात बरळतो, पण नटांना अभिनय शिकवताना डोकं शाबूत! नमनातला संकासूर मुखवट्याआडून वाट्टेल ते बोलून घेतो, तसलंच हे. सोंगच.

पण वाद इथं मिटत नाही. तो पडद्याआडच्या पोलोनियसला भोसकतो आणि शेवटी त्याच्या पोराला सांगतो, मी नव्हे, माझ्या वेडानं केलं. सोंगाची ढाल झाली. खटला नाही, फाशी नाही, इंग्लंडला रवानगी. पोलोनियसची पोर ऑफेलिया मात्र खरोखर वेडी होते आणि बुडून मरते. तिचं थडगं खणणारा गडी म्हणतो, बाई मोठ्या घरची नसती तर धर्माची माती मिळाली नसती. वर्गात आम्हाला हे विनोद म्हणून शिकवलं. माझ्या मते नाटकातलं सगळ्यात शहाणं बोलणं कुदळवाल्याच्या तोंडी आहे.

आता घरचं बघा. हेच नाटक आगरकरांनी मराठीत आणलं, डोंगरीच्या तुरुंगात. 1882 साली ते आणि टिळक तिथं 101 दिवस होते. कशापायी? कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांना वेडं ठरवून त्यांचा छळ चाललाय, असा आरोप त्यांच्या पत्रांनी कारभारी बर्व्यांवर केला. पुरावा म्हणून आलेली पत्रं बनावट निघाली, अब्रुनुकसानीची शिक्षा झाली. (खटल्यात दहा हजारांच्या जामिनाला जोतिबांच्या शब्दावर सत्यशोधक रामशेठ उरवणे उभे राहिले, हे आपल्या पोरांना ठाऊक पाहिजे.) 1883 साली 'विकारविलसित' छापून आलं. नावातच आगरकरांनी 'वेड' टाळून 'विकार' घातलाय. त्याच वर्षी 25 डिसेंबरला महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात, गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत गेले.

एक राजपुत्र स्वतः वेडा होतो आणि खटल्यातून वाचतो. दुसऱ्याला सरकार वेडा ठरवतं आणि तो कोंडून मरतो. दाखला कोण देतं आणि त्यावर गादी कुणाच्या हातात जाते, हे आधी विचारा. कोल्हापुरात त्या गादीवर 1884 साली दत्तक आले ते शाहू महाराज. माणगाव परिषद पुढं 1920 ची. पण तो हिशेब सरकारनं केला नव्हता.

आत्या दारात बसून सगळं ऐकत होती. म्हणाली, "राजाचा पोर म्हणून नाटक झालं रे. आपल्यातला असता तर खांबाला बांधून भगताकडून धुरी दिली असती."

एम. ए. वाला गप्प. मग म्हणाला, आत्या, पुढच्या शिमग्याला हे बसवू. कुदळवाला मी.