शून्य सावलीची मिरवणूक

मिरवणुकीचं परीक्षण लिहू नये असा काही नियम नाही. आमच्या बँकेत शिंकायलाही नियम लागतो, म्हणून आधी खात्री करून घेतली. फुकट पासावर नाटक पाहून लोक दोन-दोन रकाने लिहितात. मी तर या मिरवणुकीत भर दुपारी, पुण्याच्या मेमध्ये, स्वतः चाललो आहे.

प्रसंग शून्य सावली दिवसाचा. ही सुट्टी कॅलेंडरात शोधू नका. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१ च्या पंचविसाव्या कलमाखाली जाहीर होते तीच खरी सुट्टी, असं आम्हा बँकवाल्यांचं धर्मशास्त्र सांगतं. त्यातून १४ मे २०२३ ला होता रविवार. म्हणजे असती तरी बुडीत खात्यातच!

आयोजक आमचे मित्र, भूगोलाचे मास्तर. त्यांनी चहावर बोलावून समजावलं, "अरे, सूर्य वर्षातून दोनदा बरोबर आपल्या डोक्यावर येतो. मेच्या पहिल्या आठवड्यात सावंतवाडी, मग कोल्हापूर, चौदाला आपण, पंचवीस-सव्वीसला नागपूर. कर्कवृत्त गाठून परत फिरतो."

"आणि दिल्ली?"

"दिल्ली कर्कवृत्ताच्या पलीकडे. तिची सावली कधीच जात नाही."

हे आम्हाला भूगोलाबाहेरही पटलं.

आता प्रयोगाविषयी. संख्याबळ सहा. वाद्यवृंदात एक झांज. तिची जोडीदारीण माळ्यावर सापडली नाही, म्हणून चमच्यानं वाजवली. पालखीत, म्हणजे पाटावर, प्लंबरकडून मागून आणलेला दोन फुटी पाइप. मार्ग सोसायटीच्या फाटकापासून मागच्या फरशीपर्यंत. अडवलेली वाहतूक : एक स्कूटर, तीही आमच्याच सेक्रेटरींची.

दोष पुष्कळ. छत्र-चामरं हवीत म्हणून एकानं छत्री उघडून धरली. सावली नसल्याचा उत्सव, आणि तिघे छत्रीच्या सावलीत! मास्तरांनी ती मिटायला लावली. दुसरा दोष पात्रनिवडीचा. सावली जाते ती सरळ उभ्या वस्तूची. आमच्यापैकी चौघांची पोटं सरळ रेषेपुढे बरीच पोचलेली असल्यानं पायांवर सावली शिल्लक राहिली, आणि ताळा काही जुळेना. तिसरा दोष वेळेचा. मुहूर्त बारा एकतीसचा, आणि मंडळी जिन्यात कोकम सरबताला थांबलेली. बारा अठ्ठावीसला मास्तर पाइप काखेत मारून एकटेच धावत सुटले. मी तोवर खरं म्हणजे हसायलाच आलो होतो, आणि त्या क्षणी पोटभर हसलोही.

मास्तरांनी ओळंबा लावून पाइप उभा केला. सावलीचं एक बोटभर काळं टोक उरलं होतं. ते सरकत सरकत बुडाशी गेलं आणि नाहीसं झालं. टाळी कुणी वाजवली नाही. झांजवाल्याचा चमचा हातातच राहिला.

मास्तर उकिडवे बसून होते. म्हणाले, "बावीस वर्षं फळ्यावर काढतोय हे. मुलांना एकदाही दाखवता आलं नाही. मेमध्ये शाळेला सुट्टी. जुलैअखेर सूर्य परत येतो, तेव्हा शाळा असते, पण ढग असतात."

यावर काय बोलायचं? आमच्याकडे दोन्ही वेळेला खातं उघडं असतं.

एवढ्यात चमच्याच्या आवाजानं खाली उतरलेला तळमजल्यावरचा एक चौथीतला मुलगा पुढे आला. त्यानं पाइपात डोकावून पाहिलं आणि ओरडला, "काका, आत तळापर्यंत ऊन आहे!"

मग आम्ही सहा जणांनी रांग लावली. प्रत्येकानं डोकावायचं, तर डोक्याचीच सावली आत पडायची. तिरकं होऊन एकेक डोळा लावावा लागला. मास्तर सर्वांत शेवटी. त्यांचा नंबर येईतो दोन-तीन मिनिटं गेली होती, पण त्यांनी कुरकुर केली नाही. व्यवस्थापनातला हा चौथा दोष मात्र आमचा.

"परत कधी?" मुलानं विचारलं.

"जुलैच्या शेवटी."

आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. छत्रीवाला म्हणाला, "तेव्हा मी छत्री आणीन."

या वेळी मास्तरांनी हरकत घेतली नाही.