आवाजामागचे शब्द

करमाळ्याच्या एका अंगास बार्शी, दुसऱ्या अंगास भीमेपलीकडे इंदापूर. शाहीर अमर शेख २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीत जन्मले आणि २९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ अपघातात निवर्तले. आपल्या इतक्या जवळच्या या कलावंताचा पहाडी आवाज लोकांनी लक्षात ठेवला. त्याच्या कवितेचा विचार मात्र क्वचितच झाला.

मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. गिरणीतील मजुरीने त्यांना श्रमाचा अनुभव दिला, साम्यवादी चळवळीने त्या अनुभवाला दिशा दिली. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्यासमवेत त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. अल्बानियात साम्यवाद सत्तेवर होता. तेथे १९७२ च्या गीतमहोत्सवातील गाणी राज्यकर्त्यांना रुचली नाहीत म्हणून संयोजकांना तुरुंगात जावे लागले. आपल्याकडे साम्यवादी शाहीर सत्तेच्या विरोधात उभा होता. त्याला गाणे नेमून देणारे सरकार नव्हते. परंतु चळवळीची निकड होतीच, आणि तीही कवीला बांधून घालते.

त्यांच्या रचनेचे गुणदोष येथूनच समजतात. शाहिरी कवन कानासाठी घडते. डफाची थाप, झीलकऱ्यांची साथ आणि पालुपदाची पुनरावृत्ती यांमुळे मैदानातील शेवटच्या माणसापर्यंत आशय पोहोचतो. तेच कवन कागदावर उतरले की पुनरुक्ती जाणवते. शत्रू एकाच रंगात रंगविलेला दिसतो. हा दोष झाकण्याचे कारण नाही. परंतु घोषणा ओसरते आणि माती, आई, कष्टकरी माणूस यांच्याविषयीचा जिव्हाळा बोलू लागतो, तेथे खरा कवी भेटतो.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज गावोगाव घुमला. १ मे १९६० रोजी राज्य स्थापन झाले आणि ज्या मागणीसाठी सभा भरत होत्या ती पूर्ण झाली. १९६४ मध्ये पक्षही फुटला. व्यासपीठ असे आकसले, तरी लेखणी थांबली नव्हती. ‘कलश’ १९५८ मध्ये आला होता. ‘धरतीमाता’ १९६३ मध्ये आला. चळवळीचा शाहीर एवढ्याच ओळखीवर त्यांची बोळवण करणे अन्यायाचे होईल. वाचकांनी हे संग्रह मिळवून घरी मोठ्याने वाचावेत. मुद्रित ओळीत हरवलेली लय तेव्हा पुन्हा कानी पडेल, आणि शब्द स्वतःच्या बळावर किती टिकतात याची पारखही करता येईल.