चित्रांचें दान व नांवाचें तारण

समीक्षकाच्या हातीं जें पुस्तक किंवा चित्र येतें, तें कर्त्यानें आपल्यापरी पुरें केलेलें असतें. त्यांत भर घालण्याचा अधिकार रसिकास नाहीं. त्यानें फार तर मान डोलवावी किंवा नाक मुरडावें. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हां तींत पुढें कोणीं आपली ओंवी घालूं नये असें बजाविलें, आणि ग्रंथाच्या रक्षणासाठीं तें योग्यच होतें. परंतु आज आम्हीं जिचें परीक्षण योजिलें आहे, त्या कृतीच्या कर्त्यांची इच्छा नेमकी उलट आहे. परक्यानें हात लावावा, तोडावें, जोडावें, आपल्या कामीं आणावें, याच हेतूनें ती निर्माण झाली. 'लिबरेटेड पिक्सेल कप' या नांवाची जी स्पर्धा २०१२ सालीं झाली, तिच्यापासून वाढत आलेला, संगणकावरील खेळांस लागणाऱ्या चित्रांचा मोफत साठा हा आमचा विषय. खेळांचें नांव काढतांच ज्यांच्या कपाळास आठी पडेल, त्यांनीं क्षणभर धीर धरावा. आम्ही कोणास खेळावयास सांगत नाहीं, पाहावयास सांगत आहों.

पिक्सेल म्हणजे संगणकाच्या पडद्यावरील सर्वांत लहान चौकोन. बुद्धिबळाच्या पटावर जसें एक घर, तसा तो. असें घर न् घर हेतुपूर्वक भरून केलेल्या चित्रास 'पिक्सेल आर्ट' म्हणतात. हा शब्दप्रयोग १९८२ सालीं ॲडेल गोल्डबर्ग व रॉबर्ट फ्लीगल यांच्या लेखनांत छापून आलेला आढळतो; कला मात्र शब्दाहून जुनी आहे. यंत्राची स्मृति तुटपुंजी होती, म्हणून ती जन्मास आली. शिगेरू मियामोतो यांनीं १९८१ च्या 'डाँकी काँग' या खेळांतील सुताराला मिशा दिल्या, त्या रुबाबासाठीं नव्हेत. तेवढ्याशा घरांत नाक ठळक दाखवावयाचें तर दुसरा उपाय नव्हता. केस काढणें अवघड, म्हणून डोक्यावर टोपी आली. सुझन केअर यांनीं १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकासाठीं चिन्हें काढलीं, तीं चौकटींच्या वहींत, बत्तीस घरें उभीं व बत्तीस आडवीं मोजून. आणि मोझेकचा व सुईकामाचा पूर्वानुभव आपणांस उपयोगी पडला, असें त्यांनीं सांगितलें आहे. दसुतीच्या कापडावर घरें मोजून मोर उतरविणाऱ्या आमच्या आजीस हें ऐकून मुळींच नवल वाटलें नसतें. मोराची मान वळवावयाची तर टाका कोणत्या घरांत चुकवावा, हा जो तिचा प्रश्न, तोच यांचाहि. पुढें यंत्राची स्मृति अफाट झाली, तरी ही कला मेली नाहीं. सक्तीची मर्यादा गेली आणि तीच मर्यादा, कवीनें वृत्त पत्करावें तशी, लोकांनीं आपखुषीनें पत्करली.

आतां प्रस्तुत साठ्याकडे वळूं. जो मनुष्य खेळाचें गणित मांडतो त्याला चित्र काढतां येतेंच असें नाहीं. तो झाड एकाकडून घेतो, माणूस दुसऱ्याकडून, भिंत तिसऱ्याकडून. आणि मग माणूस झाडापेक्षां उंच, उजेड भिंतीवर डावीकडून व माणसावर उजवीकडून, असा सगळा वेड्यांचा बाजार होतो. एकेक चित्र चांगलें असूनहि मेळ वाईट. ही उणीव भरून काढण्यासाठीं क्रिएटिव्ह कॉमन्स, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन आणि २००९ पासून मोफत चित्रांचें कोठार चालविणारें ओपनगेमआर्ट, या तिघांनीं मिळून ही स्पर्धा भरविली. जून महिना चित्रांचा, जुलै महिना त्या चित्रांवरून खेळ रचण्याचा. मात्र स्पर्धेच्या आधींच त्यांनीं एक मूळ संच काढवून घेतला व त्याजबरोबर एक नियमावली दिली: टाइलीचें माप बत्तीस घरांचें, पाहण्याचा कोन अमुक, प्रकाश अमुक दिशेचा, रंगपट हा, बाह्यरेषा अशी. शंभर हातांनीं काढलें तरी एका हाताचें वाटावें, ही त्यामागील कल्पना. हस्तलिखितांच्या काळीं एकाच पोथीवर चार लेखक बसत व अक्षर एक वळणाचें ठेवीत, त्याची येथें आठवण होते.

मूळ संचांतील जमिनीच्या व इमारतींच्या बहुतेक टाइली लेनिया झिमरमन यांच्या आहेत. त्या पाहून प्रथमदर्शनीं कोणीहि 'वाहवा' म्हणणार नाहीं, आणि आमच्या मतें हाच त्यांचा मोठा गुण होय. गवताची एक टाइल घ्या. ती एकटी कधींच दिसावयाची नाहीं. तिच्या शेजारीं तीच, वर तीच, खालीं तीच, अशी ती पडदाभर पसरावयाची. नवखा चित्रकार तिच्यांत हौसेनें एक फूल काढतो. एका टाइलींत तें फूल गोजिरवाणें दिसतें. शंभर टाइली मांडल्या कीं तींच शंभर फुलें कवाईतीच्या शिपायांप्रमाणें रांगेनें उभीं राहतात आणि कुरणाची परेड होते. झिमरमन यांच्या गवतांत गडद व फिक्या पात्यांचा तोल असा राखला आहे कीं, डोळा कोठें अडकत नाहीं व सांधाहि दिसत नाहीं. तंबोऱ्यानें ताना घेऊं नयेत हें गाणाराला कळतें. चित्रकाराला कळणें अधिक कठीण, कारण त्याला समोर गाणारा दिसत नसतो. आपल्या गवतावरून उद्यां कोण चालणार, याची कल्पना नसतांना त्यासाठीं जागा मोकळी सोडावयाची, हा संयम आम्हांस प्रथम श्रेणीचा वाटतो.

मनुष्याकृतीचा प्रकार निराळा. तिचा पाया स्टीफन चॅलेनर यांनीं घातला, आणि पुढें अनेकांनीं तिला वस्त्रें, केस, चिलखतें चढविलीं. प्रत्येक मुद्रा ६४ घरें उंच व ६४ घरें रुंद अशा चौकटींत बसते. मंत्र टाकण्याच्या ७ चौकटी, भाला खुपसण्याच्या ८, चालण्याच्या ९, तलवार चालविण्याच्या ६, धनुष्य ओढून बाण सोडण्याच्या १३. ह्या सर्व चारी दिशांनीं. कोसळून पडण्याच्या ६ मात्र एकाच दिशेच्या; कोणाहि वीरानें मरतांना प्रेक्षकांकडे तोंड करूनच मरावें असा येथला संकेत आहे. एकूण चौकटी १७८. म्हणजे ज्याला या साठ्यांत एक नवी टोपी टाकावयाची, त्यानें ती १७८ वेळां, डोकें जेथें जेथें जाईल तेथें तेथें, बसविली पाहिजे.

हें वाचून आम्हांस पटलें नसतें. म्हणून आम्हीं स्वतः एक पगडी करून पाहिली. पुढून ती बरी साधली. बाजूनेंहि, समोर आलेली चोच तीन घरांत बसवून, ओळखूं येण्याजोगी झाली. पाठमोरी मात्र कांहीं केल्या पगडी होईना. प्रथम ती सलगमासारखी दिसली, मग भाकरीच्या दुरडीसारखी. चालतांना आकृतीचें डोकें एका घरानें खालींवर होतें, तें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. परिणामीं आमचा गृहस्थ चालूं लागला कीं पगडी हवेंत स्थिर राही व डोकें तिच्यांतून ये-जा करी. चार संध्याकाळीं या उद्योगांत गेल्यावर, ज्यांनीं असे डझनावारी पोषाख पुरे करून मोबदल्याशिवाय लोकांच्या स्वाधीन केले, त्यांच्याविषयीं 'फावल्या वेळचा छंद' हे शब्द आम्हांस पुनः उच्चारवणार नाहींत.

पगडीनें आणखी एक गोष्ट दाखविली. गृहस्थ पुरा झाला आणि त्याला आम्हीं मूळ संचांतील गांवांत उभा केला, तों तो तेथें परका वाटूं लागला. किल्ला युरोपांतला, झोपडी युरोपांतली, चिलखत युरोपांतलें. माप निःपक्षपाती असलें तरी साठा निःपक्षपाती नसतो. ज्यांनीं आधीं दान केलें त्यांचा देश त्यांत येऊन बसतो. शरीरांचे बांधेहि मुळांत फार थोडे, त्यामुळें या साठ्यावर उभारलेले खेळ दुरून भावंडांसारखे दिसतात, आणि जाणता प्रेक्षक पहिल्या पडद्यालाच ओळखून कंटाळतो. हा दोष खरा आहे. पण वाडा काढावयास, चौसोपी काढावयास, तुळशीवृंदावन काढावयास कोणी आडवें आलेलें नाहीं. बत्तीस घरांत वृंदावन सुरेख बसेल. आम्ही तक्रार करतों ती वस्तुतः आपल्याच आळसाची आहे.

आतां मुख्य वादाकडे येऊं. या संचाला दोन परवाने जोडलेले आहेत: क्रिएटिव्ह कॉमन्सचा 'नामनिर्देश व समान वांटप' हा, आणि जीएनयूचा सार्वजनिक परवाना, दोन्ही तिसऱ्या आवृत्तीचे. पहिल्याचा भावार्थ असा कीं, घ्या, बदला, विका सुद्धां. मात्र मूळ कर्त्याचें नांव सांगा, आणि बदललेलें चित्र इतरांस याच अटीवर द्या. साहजिकच एका आकृतीवर शरीर एकाचें, केस दुसऱ्याचे, सदरा तिसऱ्याचा, असे थर चढले कीं नांवांची यादी लांबत जाते. हें जाचक आहे, दान द्यावयाचें तर अट कशाला, असा आक्षेप घेतला जातो. आणि आक्षेपकांजवळ एक सबळ उदाहरण आहे. नेदरलँड्समधील केनी यांनीं हजारों चित्रें 'सीसी झीरो' या, २००९ मध्यें निघालेल्या, सर्वहक्कत्यागाच्या पत्राखालीं देऊन टाकलीं आहेत. त्यांचा सोळा घरांच्या टाइलींचा 'एक-बिट' संच तर हजारावर चित्रांचा आहे. एक रंग जमिनीचा व एक रेषेचा, एवढ्यावर त्यांत तलवार, वटवाघूळ, किल्ली, झाड, सारें ओळखूं येतें. नांव घ्या अथवा न घ्या. जात्यावरची ओंवी जशी कोणाचीच नसून सर्वांची, तसा हा प्रकार.

केनींच्या औदार्यास आम्ही नमस्कार करतों, परंतु त्यावरून काढलेलें अनुमान आम्हांस मान्य नाहीं. त्यांचा संच एकहातीं आहे. तो कोठून आला हें सर्वांस ठाऊक असल्यामुळें नांव गाळलें तरी हरवत नाहीं. बहुहस्त साठ्याची गोष्ट तशी नव्हे. तेथें दहा थरांपैकीं एक थर कोणीं एखाद्या व्यापारी खेळांतून उचलून आणून ठेवला असेल, तर बाकीच्या नऊ जणांचें दान त्या एका चोरीनें नासतें, आणि त्यावर खेळ उभारणारा निष्पाप मनुष्य अडचणींत येतो. अशा वेळीं नांवांची यादी म्हणजे कर्त्यांचा मिरवण्याचा सोस नव्हे. ती तारण आहे. 'हें मीं काढलें' असें म्हणणारा कोणी तरी प्रत्येक थरापाठीं जामीन उभा आहे, म्हणूनच तो थर निर्धास्तपणें घेतां येतो. अभंगाच्या शेवटीं येणारी नाममुद्रा आपण आजवर भक्तीची खूण मानीत आलों. पण मुद्रा पाहूनच गाथेंत कोणता अभंग कोणाचा याचा शोध लागतो, आणि दुसऱ्याच्या मुद्रेखालीं आपला अभंग खपविणारे निघाले म्हणजे संशोधकांची कोण तारांबळ उडते, हेंहि आपण जाणतों. जात्यावरची ओंवी निनांवी राहिली यांत तिचें वैभव आहे, असें म्हणण्याची चाल पडली आहे. त्या बायांस कोणीं विचारलें होतें?

या याद्यांत पुष्कळशीं टोपणनांवें असतात, आणि त्यामुळें तारण लटकें ठरतें असें कोणी म्हणेल. तें खरें नाहीं. केशवसुत आणि गोविंदाग्रज हींहि टोपणनांवेंच होतीं. एकच सही वर्षानुवर्षें एकाच वळणाच्या कामाखालीं येत राहिली, कीं ती पुरेशी होते.

अलीकडे, शब्द सांगितले असतां चित्र करून देणारीं यंत्रें निघाल्यापासून, या प्रश्नाला धार आली आहे. त्यांनीं केलेलीं 'पिक्सेल' चित्रें आम्हीं पाहिलीं आहेत. दुरून झोकदार, जवळ जाऊन घरें मोजूं लागावें तों अनेकदां एक घर मोठें, दुसरें लहान, तिसरें अर्धें, आणि रंग मोजावे तर मोजदाद संपत नाहीं. दसुतीवर असा मोर भरला असता तर आजीनें तो उसवावयास लावला असता. पण कसबाची ही उणीव उद्यां भरून निघेलहि. आमची शंका निराळी आहे: यादींत त्या थरासमोर काय लिहावें? यंत्रास ज्यांच्या चित्रांवरून शिकविलें त्यांचीं नांवें त्या चित्राबरोबर येत नाहींत, आणि ज्यानें शब्द सांगितले त्याला 'हें मीं काढलें' असें म्हणतां येत नाहीं. थर आहे, जामीन नाहीं.

आमच्या पगडीची यादी आम्हीं लिहून ठेविली आहे. शरीर व डोकें ज्यांचें त्यांचें नांव प्रथम, ज्या टोपीवरून छायेची तऱ्हा आम्हीं उचलली तिच्या कर्त्याचें टोपणनांव त्याखालीं, आमचें शेवटीं. पाठमोरी पगडी अद्याप दुरडीसारखीच दिसते, आणि धनुष्य ओढतांनाच्या ५२ चौकटी तर हातींहि घेतलेल्या नाहींत. पगडी घालून बाण मारणारा गृहस्थ ज्या कोणास हवा असेल, त्यानें त्या पुऱ्या कराव्या व यादींत आमच्याखालीं आपलें नांव घालावें.