माझुरानिच, इव्हान

(११ ऑगस्ट १८१४—४ ऑगस्ट १८९०). क्रोएशियन कवी, विधिज्ञ व राजनीतिज्ञ. एड्रिॲटिक किनाऱ्यावरील नोव्ही व्हिनोडोल्स्की येथे, द्राक्षमळे असलेल्या एका शेतकरी कुटुंबात जन्म. रिएका येथे शालेय शिक्षण घेतल्यानंतर त्याने कायद्याचा अभ्यास केला व कार्लोव्हात्स येथे वकिली केली. क्रोएशियन भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी झटणाऱ्या इलिरियन चळवळीत तो तरुणपणीच सामील झाला. याकोव्ह उझारेव्हिच याच्या सहकार्याने त्याने जर्मन–इलिरियन शब्दकोश सिद्ध केला (१८४२). दुब्रॉव्हनिकचा सतराव्या शतकातील कवी इव्हान गुंदुलिच याच्या ओस्मान या महाकाव्याचे दोन सर्ग (चौदावा व पंधरावा) उपलब्ध नव्हते. ते माझुरानिचने रचून दिले (१८४४). जुन्या काव्यभाषेवरील त्याचे प्रभुत्व या कामातून सिद्ध झाले.

त्याची कीर्ती मात्र मुख्यतः स्मर्त स्माईल-आगे चेंगिचा (१८४६, म. शी. स्माईल-आगा चेंगिच याचा मृत्यू) या एकाच काव्यावर अधिष्ठित आहे. हर्सगोव्हीनातील स्माईल-आगा चेंगिच हा ऑटोमन अंमलदार १८४० मध्ये माँटेनेग्रिन सैनिकांशी झालेल्या चकमकीत मारला गेला. ती घटना या काव्याला आधारभूत आहे. पाच भागांच्या या काव्यात अवघ्या १,१३४ ओळी आहेत. लोकगीतांतील दशाक्षरी व अष्टाक्षरी चरणांना अभिजात काव्याची बांधेसूद रचना त्यात लाभली आहे. जुलमाचे वर्णन अनेकांनी केले आहे. माझुरानिचने जुलमी माणसाच्या मनातील भय दाखविले. पकडलेले डोंगरी कैदी आक्रोश न करता मरण पत्करतात, तेव्हा आगाच हादरतो. करवसुलीच्या प्रसंगी त्याने रयतेवर फेकलेला भाला चुकून त्याच्याच माणसाच्या डोळ्याला लागतो आणि या फजितीचा सूड तो निर्धन रयतेवर उगवितो. कर घेणारा, निवाडा देणारा आणि शिक्षा करणारा एकच असला, की सत्ताधाऱ्याची लहर हाच कायदा होतो, हे येथे कोठेही उपदेश न करता प्रत्ययास येते. शेवटचा भाग त्या मानाने उणा आहे. मेलेल्या आगाचे हात जोडणारे बाहुले दाखवून कवी त्याची विटंबना करतो. त्यात विजयाचा अभिनिवेश अधिक असून आधीच्या भागांतील मर्मदृष्टी लोपली आहे. मुसलमान पात्रांचे चित्रणही, बापाच्या खुनाचा सूड घेण्यासाठी पक्ष बदलणाऱ्या नोव्हित्साचा अपवाद सोडल्यास, एकांगी आहे.

१८४८ च्या क्रांतिकाळात हंगेरियनांना उद्देशून लिहिलेल्या पुस्तिकेत त्याने स्वातंत्र्य व समता यांचा आग्रह धरला. पुढे तो शासकीय सेवेत शिरला. १८६१–६५ या काळात व्हिएन्ना येथील क्रोएशियन दरबारी कार्यालयाचा प्रमुख आणि १८७३ मध्ये क्रोएशियाचा बान (राज्यप्रमुख) झाला. सरदार घराण्यात न जन्मलेला हा पहिलाच बान. त्याच्या कारकीर्दीत न्यायदान प्रशासनापासून वेगळे करण्यात आले, प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि झाग्रेबचे आधुनिक विद्यापीठ सुरू झाले (१८७४). आगाच्या हाती जे एकवटले होते, ते बानाने स्वतःच्या अखत्यारीत अलग केले, असे वाचकाला वाटल्यावाचून राहत नाही. परंतु १८६८ च्या करारानुसार बानाची नेमणूक हंगेरियन पंतप्रधानाच्या शिफारशीवर अवलंबून असल्याने त्याच्या अधिकाराला मर्यादा होत्या. लष्करी सीमाप्रदेश क्रोएशियास जोडण्याची त्याची मागणी मान्य न झाल्याने १८८० मध्ये त्याने राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी तो प्रदेश क्रोएशियात विलीन झाला.

१८४६ नंतर माझुरानिचने त्या तोलाचे काव्य लिहिले नाही. राजकारणाने कवी गिळला, असे म्हणण्याची प्रथा आहे. पण हे मौन अधिकारपदाच्या आधीच सुरू झाले होते, हे विसरता येत नाही. झाग्रेब येथे त्याचे निधन झाले. बालसाहित्यिका इव्हाना ब्रलिच-माझुरानिच (१८७४—१९३८) ही त्याची नात.