‘श्यामची आई’ : ऐकणाऱ्यांचे पुस्तक

मुलांवरील संस्कारांचा विषय निघाला की मराठी माणसाला ‘श्यामची आई’ आठवते. साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत हे पुस्तक लिहिले. १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले आणि पुस्तक वाचू न शकणाऱ्यांपर्यंतही ही आई पोहोचली. तथापि एवढ्या लोकप्रियतेत पुस्तकाचे मर्म काहीसे झाकले गेले, असे मला वाटते. मुलांनी आईचे ऐकावे, एवढाच बोध घेऊन आपण ते मुलांच्या हाती देतो. पालकांनी ते स्वतःसाठी वाचावे, हे सहसा घडत नाही.

या आईला मुलाच्या वाढीची समग्र जाण आहे. पोहायला भिऊन लपून बसलेल्या श्यामला ती मारून विहिरीकडे धाडते, कारण मुलगा शरीराने व मनाने भित्रा राहू नये, ही तिची तळमळ आहे. परत आल्यावर ती त्याला जवळ घेऊन आपला हेतू समजावते. उमलण्याआधीच कळ्या तोडून आणण्याच्या मुलांच्या हव्यासाला ती आवर घालते. लाकडाची मोळी उचलता न येणाऱ्या दलित वृद्धेच्या मदतीला ती त्याला पाठवते. शरीर, भावना व समाज हे शिक्षणाचे तीन वेगळे विषय आहेत, हे तिला ठाऊक नव्हते. तिच्या रोजच्या व्यवहारात ते एकत्रच नांदत होते.

येथे एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. मारामागची माया लेखकाने इतक्या उत्कटतेने रंगवली आहे की मारच संस्काराचे साधन आहे, असा समज वाचकाचा होऊ शकतो. शाळेतील शारीरिक शिक्षेला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केली. घराच्या उंबऱ्याआत मात्र श्यामच्या आईचा दाखला देऊन हात उगारला जातो. तिचा मार आपण उचलतो. त्यानंतरचे समजावणे मात्र वेळखाऊ म्हणून सोडून देतो.

पुस्तकाचे खरे सामर्थ्य मला त्याच्या रचनेत दिसते. प्रौढ श्याम आश्रमातील मित्रांना रात्रीमागून रात्र आपल्या आईविषयी सांगतो. ती आई केव्हाच गेली आहे; अखेरच्या क्षणी तो तिच्याजवळ नव्हता. म्हणजे हे मातृवियोगाचे पुस्तक आहे, आणि ते दुःख बोलून दाखवायला श्यामला शांतपणे ऐकणारी माणसे लाभली आहेत. त्या श्रोत्यांकडे समीक्षकांचे व पालकांचे लक्ष फारसे जात नाही.

माकणीच्या परिसरात बसून हे वाचताना त्या श्रोत्यांचे मोल अधिक जाणवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. कितीतरी मुलांचे आईबाप एका रात्रीत गेले. शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले, ही मोठी सेवा होती. पुनर्वसित गावांत पक्की घरे उभी राहिली, रस्ते रुंद झाले. पण घरे लांब लांब गेली आणि जुन्या गल्लीतला सहज शेजार विरळ झाला. मूल रडले तर भिंतीपलीकडून हाक येण्याची सोय त्या नकाशात नव्हती. अन्न, वस्त्र, शाळा यांची व्यवस्था समाजाला करता येते. ‘माझी आई अशी होती’ असे सांगू पाहणाऱ्या मुलासमोर बसण्यास मात्र एखादे माणूसच लागते.

ज्यांची आई घरातच आहे, त्या मुलांनाही अशा श्रोत्याची गरज असते. दिवसभराचे भय, मत्सर, अपमान मनात घेऊन ते घरी येते आणि आपण त्याला गुण विचारतो. म्हणून सुज्ञ पालकांना विनंती अशी की, हे पुस्तक मुलाला भेट द्यावे, पण त्यापूर्वी स्वतः वाचावे. रोज एक प्रकरण दोघांनी मिळून वाचावे आणि पुस्तक मिटल्यावर बोध न सांगता मुलाला बोलू द्यावे. त्या वेळी आपण श्यामच्या मित्रांच्या जागी बसावे. श्यामची आई होणे कठीण असेल. श्यामचे ऐकणारे होणे प्रत्येक आईबापाला शक्य आहे.