ज्ञानी पुरुषांचे वंदन : लिओनार्दोचे रेखाटन

ख्यातनाम इटालियन प्रबोधनकालीन कलावंत लिओनार्दो दा व्हींची (१४५२–१५१९) याने एका वेदीचित्राच्या पूर्वतयारीसाठी केलेले यथादर्शनीय रेखाटन (सु. १४८१). फ्लॉरेन्सनजीकच्या सान दोनातो आ स्कोपेतो मठातील ऑगस्टिनियन संन्याशांनी हे वेदीचित्र १४८१ मध्ये त्याच्याकडे सोपविले होते. चित्र अपुरेच राहिले. चित्र व रेखाटन दोन्ही फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयात आहेत.

ताऱ्याच्या अनुरोधाने पूर्वेकडून आलेले ज्ञानी पुरुष बाल येशूस वंदन करून सोने, ऊद व गंधरस अर्पण करतात, ही कथा मत्तयकृत शुभवर्तमानात आहे. परदेशस्थ विद्वत्ता नव्या श्रद्धेपुढे नम्र होते, हे तिचे मर्म. फ्लॉरेन्सच्या मेदीची घराण्याने मात्र या कथेची सांगड आपल्या वैभवाशी घातली. बेनोत्सो गोत्सोलीने त्यांच्या प्रासादातील प्रार्थनागृहात सु. १४५९ मध्ये रंगविलेल्या भित्तिचित्रांत वंदनाहून मिरवणुकीचाच थाट अधिक आहे.

लिओनार्दोच्या रेखाटनात हा थाट नाही. फरसबंदीच्या चौकटी काटेकोरपणे आखलेल्या असून खोलीकडे जाणाऱ्या रेषा एकाच बिंदूत मिळतात. या शिस्तबद्ध अवकाशात भग्न कमानी, जिने, उधळलेले घोडे, बसलेला उंट व धावपळ करणाऱ्या मानवाकृती दिसतात. ढासळलेली वास्तू हे ख्रिस्तपूर्व जगाच्या अस्ताचे रूढ प्रतीक होय. परंतु येथे ती इतक्या आस्थेने रचलेली आहे, की तिच्याविषयीचे आकर्षण लपत नाही. प्राचीन वास्तुकलेची ओढ आणि तिच्या ऱ्हासावर उभी राहिलेली श्रद्धा यांतील ताण त्यातून प्रत्ययास येतो. विशेष म्हणजे मेरी व बाल येशू या रेखाटनात नाहीतच. गणिताने जागा सिद्ध केली. पण ज्यासाठी ती सिद्ध केली, तो प्रसंग तीत अद्याप घडलेला नाही.

हा ताण चित्रात निराळ्या रीतीने हाताळलेला आहे. तेथे भग्न वास्तू पार्श्वभूमीत सरकली असून, मेरी बालकासह अग्रभागी उघड्या भूमीवर बसली आहे. तिच्याभोवतीच्या व्याकूळ, विस्मित चेहऱ्यांचे वर्तुळ फरसबंदीच्या आखणीने बांधलेले नाही. भक्तिभावाला मोजमापाच्या चौकटीबाहेर स्थान देण्याचा हा निर्णय रेखाटनाशेजारी चित्र ठेवून पाहिले असता स्पष्ट होतो. केवळ यथादर्शनाचा वस्तुपाठ म्हणून या रेखाटनाची वाखाणणी करणे म्हणूनच अपुरे ठरते. आखणीतील बिनचूकपणाइतकेच, त्या आखणीला न पेलणारे काय आहे याचे भानही त्यात महत्त्वाचे आहे.